भोवरा स्थिर आहे की फिरतो?
ॲरिस्टॉटलच्या एका नियमाची उलटतपासणी

काल्हेर हे भिवंडी तालुक्यातले, उल्हास नदीच्या खाडीकाठचे गाव. खाडीचे पाणी कोणत्या दिशेने वाहते, असे तिथल्या मुलांना विचारले तर काही म्हणतील, 'समुद्राकडे'. काही म्हणतील, 'समुद्राकडून आत'. उत्तरे परस्परविरोधी आहेत, तरी चूक कोणाचीच नाही. ओहोटीला पाणी बाहेर जाते, भरतीला आत येते. अशा वेळी वर्गात सहज म्हटले जाते, "दोघांचेही बरोबर आहे," आणि धडा पुढे सरकतो.

आमच्या मते धडा नेमका इथेच थांबायला हवा. दोघांचे बरोबर का आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर मुले एवढेच शिकतात, की उलटसुलट बोलले तरी चालते. 'भरतीच्या वेळी' आणि 'ओहोटीच्या वेळी' हे दोन शब्द घातले की विरोध उरत नाही. पण ते घालावे लागतात, आणि घालण्याचा आग्रह कोणीतरी धरावा लागतो. हा आग्रह पहिल्यांदा स्पष्टपणे धरला तो प्राचीन ग्रीसमधल्या विचारवंतांनी. त्यांच्यात त्यावर मोठा वादही झाला. त्या वादात ॲरिस्टॉटलची बाजू जिंकली असे आपण धरून चालतो. ती खरोखर किती जिंकली, आणि विज्ञान शिकवणाऱ्याला तिचा किती उपयोग आहे, हे या लेखात तपासू.

नियम आणि त्याच्या अटी

ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४ ते ३२२) हा नियम 'मेटाफिजिक्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागात मांडला. त्या भागाला ग्रीक अक्षरावरून 'गॅमा' म्हणतात. नियमाचा आशय असा : एकच गुण एकाच वस्तूत, एकाच वेळी आणि एकाच बाबतीत, असणे आणि नसणे शक्य नाही. आपण याला अविरोधाचा नियम म्हणू. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत विरोधासाठी 'व्याघात' हा शब्दही वापरतात.

हा नियम घाईत सांगताना 'एकच गोष्ट खरी आणि खोटी असू शकत नाही' एवढेच आपण सांगतो. त्यात नियमाचा जीव असलेला भाग गळून जातो. हा जीव 'एकच वस्तू', 'एकच वेळ', 'एकच बाब' या तीन अटींत आहे.

अटींचे महत्त्व ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो याला चांगले ठाऊक होते. त्याच्या 'रिपब्लिक' या संवादात एक सुंदर शंका येते. भोवरा एकाच जागी गरगर फिरत असतो तेव्हा तो स्थिरही असतो आणि हलतही असतो. मग एकाच वस्तूत एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी झाल्या नाहीत काय? उत्तर असे येते, की भोवऱ्याला आस आहे आणि परीघ आहे. आस कुठे कलत नाही, त्या दृष्टीने तो स्थिर. परीघ फिरतो, त्या दृष्टीने तो गतिमान. वेळ एकच, वस्तू एकच, पण बाब वेगळी.

खाडीच्या उदाहरणातही 'वेळ' ही एकच अट पुरते असे समजू नये. नदीला भरपूर पाणी असते तेव्हा अनेक खाड्यांत वरच्या थरातले गोडे पाणी समुद्राकडे जात असते आणि त्याच क्षणी तळाचे खारे, जड पाणी आत सरकत असते. इथे वेळ एकच आहे. फरक खोलीचा आहे. म्हणजे कोणती अट लागेल हे नियम सांगत नाही. ते खाडीत उतरूनच पाहावे लागते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

विरोधक कोण होते?

ॲरिस्टॉटलने ज्यांच्याशी वाद घातला त्यांत दोन नावे मोठी आहेत. एक एफिससचा हेराक्लिटस, इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा. त्याच्या लेखनाचे फक्त तुकडे उरले आहेत. समुद्राचे पाणी सर्वांत शुद्ध आणि सर्वांत अशुद्ध आहे. माशांना ते जीवन देते, माणसाला ते पिता येत नाही, असा त्याचा एक विचार आहे. चढाचा रस्ता आणि उताराचा रस्ता एकच, असा दुसरा.

दुसरे नाव प्रोटॅगोरसचे, इ.स.पू. पाचव्या शतकातले. माणूस हेच सर्व गोष्टींचे माप, ही त्याची भूमिका. प्लेटोच्या 'थिएटेटस' संवादात तिचे उदाहरण येते : एकच वारा एकाला गार लागतो, दुसऱ्याला लागत नाही. मग वारा गार आहे की नाही? प्रोटॅगोरसच्या मते ज्याला जसा लागतो त्याच्यापुरता तो तसा आहे.

हे दोघे अविरोधाचा नियम खरोखर नाकारत होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. हेराक्लिटसने 'माशांना' आणि 'माणसाला' असे शब्द स्वतःच वापरले आहेत. प्रोटॅगोरस 'त्याच्यापुरता' म्हणतो. दोघांनीही बाब वेगळी करूनच विधान केले आहे. ॲरिस्टॉटललाही याची थोडी जाणीव असावी. हेराक्लिटसचे नाव घेताना 'काहींच्या मते तो असे म्हणतो' अशी सावध भाषा तो वापरतो, आणि माणूस जे बोलतो ते त्याला पटलेलेच असते असे नाही, अशी पुस्तीही जोडतो. तरी पुढच्या विवेचनात या सर्वांना तो एकाच रांगेत उभे करतो. हा अन्यायच म्हणावा लागेल.

टोकाला गेला तो क्रॅटिलस. एकाच नदीत दोनदा पाय ठेवता येत नाही, या हेराक्लिटसच्या नावावरच्या मतावर त्याची तक्रार होती, की एकदासुद्धा ठेवता येत नाही! सगळे सतत बदलत असेल तर कशाबद्दल काय बोलणार? ॲरिस्टॉटल सांगतो, की शेवटी क्रॅटिलसने बोलणे सोडले आणि तो फक्त बोट हलवीत असे. हा किस्सा गमतीचा वाटतो, पण ॲरिस्टॉटलचा सगळा बचाव त्यावरच उभा आहे.

सिद्धता नाही, पण उलटतपासणी आहे

या नियमाची सिद्धता द्या, अशी मागणी त्या काळीही होत होती. ॲरिस्टॉटलचे उत्तर फटकळ आहे : अशी मागणी करणे हे शिक्षणाच्या अभावाचे लक्षण. प्रत्येक गोष्ट सिद्ध करायची म्हटली तर प्रत्येक सिद्धतेच्या आधाराला दुसरी सिद्धता लागेल आणि हा प्रवास संपणार नाही. कुठेतरी पाय टेकावाच लागतो.

मात्र तो तिथेच थांबत नाही. सिद्धता देता येत नसली तरी विरोधकाची उलटतपासणी करता येते, असे तो म्हणतो. विरोधकाने फक्त काहीतरी बोलावे आणि त्या बोलण्याला काही अर्थ असावा. तो 'माणूस' म्हणाला तर त्या शब्दाने काहीतरी एक सुचवतो आणि बाकीचे वगळतो. वगळले की नियम मान्य झाला. वगळायचेच नसेल तर तो काहीच बोललेला नाही, आणि जो काहीच बोलत नाही त्याच्याशी वाद घालणे म्हणजे झाडाशी वाद घालणे.

दुसरा युक्तिवाद वागण्याचा आहे. सगळी परस्परविरोधी विधाने सारखीच खरी मानणारा माणूस मेगारा गावाला जायचे असेल तर घरी न बसता चालू का लागतो? सकाळी उठून विहिरीत किंवा कड्यावरून का पडत नाही? तोंडाने काहीही म्हणो, पायाने तो नियम पाळतोच.

तिसरा युक्तिवाद असा, की सगळे विरोध एकाच वेळी खरे असतील तर माणूस, भिंत आणि युद्धनौका ही एकच वस्तू होईल, कारण कशातच काही नसण्याचे उरणार नाही.

युक्तिवाद कुठे तोकडा पडतो?

या बचावाची सर्वांत कसून तपासणी यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने केली. १९१० साली त्याने ॲरिस्टॉटलच्या या नियमावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कंस न वापरता सूत्र लिहिण्याची 'पोलिश पद्धत' ज्याच्यामुळे आली आणि १९२० साली ज्याने खरे-खोटे यांच्या जोडीला तिसरे मूल्य असलेले तर्कशास्त्र मांडले, तोच हा वुकाशेविच. त्याच्या टीकेतले दोन मुद्दे आपल्या कामाचे आहेत.

पहिला मुद्दा. ॲरिस्टॉटल ज्याला हरवतो तो विरोधक 'सगळेच' विरोध खरे मानणारा आहे. मेगाराला निघालेला माणूस आणि भिंत-नौका यांचा युक्तिवाद त्यालाच लागू पडतो. पण 'एखादाच विरोध खरा असू शकतो, बाकी नाही' असे म्हणणारा कोणी आला तर? तो विहिरीत पडणार नाही, मेगाराला नीट पोचेल. 'काही' आणि 'सर्व' यांतला फरक ज्याने जगाला शिकवला त्याच ॲरिस्टॉटलकडून इथे 'काही'ला दिलेले उत्तर सापडत नाही.

आणि असा विरोधक काल्पनिक नाही. ॲरिस्टॉटलच्याच शतकातल्या यूब्युलिडीजच्या नावावर 'लबाडाचे कोडे' आहे. 'मी आता बोलतो आहे ते खोटे आहे' हे वाक्य खरे धरले तर खोटे ठरते आणि खोटे धरले तर खरे ठरते. वेळ, वस्तू, बाब, कोणतीही अट लावून ते सहज सुटत नाही. याच कोड्याच्या आधाराने ग्रॅहम प्रीस्ट यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात काही विरोध खरे असतात असा पक्ष मांडला. त्याआधी १९६३ साली ब्राझीलच्या न्यूटन दा कोस्टा यांनी विरोध आला तरी कोसळत नाहीत अशा तर्कपद्धती रचल्या होत्या. हे वेडगळ लोक नव्हेत, आणि प्रश्न अजून चर्चेत आहे. म्हणून 'ॲरिस्टॉटलने नियम सिद्ध केला' असे वर्गात सांगू नये. त्याने तसा दावाही केलेला नाही.

दुसरा मुद्दा शिक्षकांना जास्त जवळचा आहे. परस्परविरोधी दोन गोष्टी माणूस एकाच वेळी खऱ्या मानूच शकत नाही, असेही ॲरिस्टॉटल म्हणतो. वुकाशेविचचे म्हणणे, की हे तर्कशास्त्राचे विधान नव्हे. माणसाचे मन कसे चालते याबद्दलचे ते विधान आहे आणि ते प्रयोगाने तपासायला हवे.

अशी तपासणी पुढे झाली. १९९२ साली स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांच्या पृथ्वीविषयीच्या कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृथ्वी गोल आहे हे मुलांनी ऐकलेले असते. पायाखाली तर सपाट जमीन दिसते. काही मुलांनी यातून अफलातून मार्ग काढला होता. त्यांच्या मते पृथ्व्या दोन आहेत : एक गोल, ती वर आकाशात, दुसरी सपाट, तिच्यावर आपण राहतो. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही मुलांच्या अशा कल्पनांवर काम झाले आहे, आणि वर्गात नीट कान दिला तर असे नमुने आपल्यालाही ऐकू येतील.

या उत्तराला आपण हसतो. पण त्यातली तर्काची करामत पाहा. मुलाने विरोध ओळखला आहे, आणि अविरोधाचा नियम काटेकोर पाळून तो मिटवला आहे : वस्तू एकच नाही, दोन आहेत, मग विरोध कसला? तर्कात त्याची चूक नाही. चूक एवढीच, की त्याने केलेला भेद जगात नाही.

खरा प्रश्न : पळवाट की वाट?

आमची मुख्य टीका इथे आहे. नियम मांडल्यावर ॲरिस्टॉटल लगेच पुस्ती जोडतो, की शाब्दिक हरकती टाळण्यासाठी आणखी ज्या अटी लागतील त्या घालून घ्याव्यात. या एका वाक्याने दार सताड उघडे राहते. कोणी, केव्हा, कोणती अट घालावी यावर बंधन काय? बंधन नसेल तर कोणताही विरोध मिटवता येईल आणि नियम कोणालाच कधी अडवणार नाही.

याचे परिणाम आपण रोज पाहतो. अमुक मंत्राने साप उतरतो, असा दावा केला जातो. एकाचा जीव जातो. दावा आणि घटना यांत उघड विरोध आहे. लगेच अट येते : 'श्रद्धा कमी पडली'. श्रद्धा होती असे नातेवाईक म्हणाले तर : 'वेळ साधली नाही'. प्रत्येक अट विरोध दिसल्यानंतर येते, आणि ती खरी होती की नाही हे पाहण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसतो. रूप मात्र हुबेहूब ॲरिस्टॉटलच्या 'एकाच बाबतीत' सारखे. दवाखान्यात पोचायला उशीर झालेल्या माणसाला या तर्काची किंमत जिवाने मोजावी लागते.

आता याच्या शेजारी विज्ञानाच्या इतिहासातला एक प्रसंग ठेवू. १८९२ साली लॉर्ड रॅले याने 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांची मदत मागितली. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून मिळवलेला नायट्रोजन हा संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनपेक्षा जड भरत होता. पुढच्या मोजमापांत हा फरक सुमारे अर्धा टक्का निघाला. वायू एकच, तापमान एकच, दाब एकच. मग घनता दोन कशा? 'दोन्ही बरोबर' म्हणून सोडून देता आले असते. अर्धा टक्का तर चुकीच्या खात्यावरही टाकता आला असता. रॅलेने दोन्ही केले नाही. त्याने आणि विल्यम रॅम्से याने 'वस्तू एकच आहे' या अटीवरच बोट ठेवले, आणि १८९४ साली हवेतल्या 'नायट्रोजन'मध्ये दडलेला नवा वायू, आर्गॉन, जाहीर केला. हवेत तो जवळजवळ एक टक्का असतो. दोघांना १९०४ साली नोबेल पारितोषिके मिळाली, एकाला भौतिकीचे, दुसऱ्याला रसायनाचे.

मंत्रवाल्याने भेद केला, रॅलेनेही केला. मग फरक काय? आर्गॉन वेगळा काढता आला, बाटलीत भरता आला, त्याच्या वर्णपटात नव्या रेषा दिसल्या. ज्या विरोधामुळे तो सुचला तो विरोध बाजूला ठेवूनही आर्गॉन आहे हे दाखवता येते. श्रद्धेच्या कमतरतेचे तसे नाही. तिचा पुरावा म्हणजे पुन्हा तो मृत्यूच.

प्रोटॅगोरसच्या 'एकाला गोड, दुसऱ्याला कडू' या पक्षाचेही पुढे असेच झाले. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत फेनिलथायोकार्बामाइड या पदार्थाची पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सला काहीच चव लागली नाही. 'ज्याचे त्याच्यापुरते' म्हणून दोघे गप्प बसले नाहीत. त्यांनी इतरांना चाखायला देऊन पाहिले, आणि माणसांत खरोखरच दोन गट निघाले. हा गुण आनुवंशिक असल्याचे लवकरच कळले आणि २००३ साली त्याला मुख्यतः जबाबदार असलेले जनुक सापडले. (हे रसायन विषारी आहे, वर्गात चाखायला देऊ नये.) प्रोटॅगोरस जिथे थांबला तिथून पुढचा प्रश्न विचारला, की कोणाला कडू आणि कोणाला नाही, हे कशावरून ठरते?

आपल्याकडची परंपरा

हा वाद फक्त ग्रीकांचा नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात जैनांच्या सप्तभंगीवर नेमका हाच आक्षेप घेतला : एकाच वस्तूत एकाच वेळी असणे आणि नसणे हे विरुद्ध धर्म राहू शकत नाहीत, जसे थंडपणा आणि उष्णपणा राहत नाहीत. जैन तर्कशास्त्रज्ञांचे उत्तर प्लेटोच्या भोवऱ्यासारखेच होते. घडा मातीचा म्हणून आहे, सोन्याचा म्हणून नाही. या जागी आहे, त्या जागी नाही. द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार दृष्टींनी विधान तपासावे, असे त्यांनी सांगितले. आम्हाला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. कोणत्या अटी चालतील याची यादी त्यांनी आधीच देऊन ठेवली. ॲरिस्टॉटलने उघडे ठेवलेले दार त्यांनी निदान चार चौकटींत बसवले.

मराठीतही या विचाराच्या खुणा आहेत. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आहे. प्रत्येकाचे वर्णन वेगळे, कारण प्रत्येकाच्या हाताला अवयव वेगळा. भाषेच्या तासाला आपण विरोधाभास अलंकार शिकवतो तेव्हाही हेच सांगतो : वरवर विरोध दिसतो, अर्थ नीट पाहिला की तो राहत नाही. विज्ञानाच्या तासाला एवढेच विचारायचे, की समोर आहे तो विरोध की विरोधाभास? गंमत अशी, की या एका प्रश्नासाठी मराठीचे आणि विज्ञानाचे शिक्षक एकत्र तास घेऊ शकतात.

'पण इलेक्ट्रॉन तर दोन्ही आहे ना?'

वरच्या वर्गातली मुले हा प्रश्न हमखास विचारतात, आणि भोंदू लोक तो वर्गाबाहेर विचारतात. जे. जे. टॉमसन याने १८९७ साली इलेक्ट्रॉन कण म्हणून दाखवला. त्याच्याच मुलाने, जी. पी. टॉमसनने, १९२७ च्या सुमारास तो तरंगासारखा वागतो हे दाखवले. दोघांनाही नोबेल मिळाले. मग 'कण आहे आणि कण नाही' हे विज्ञानानेच मान्य केले, तर आणखी काय काय मान्य करायला हरकत आहे?

हरकत आहे. प्रयोगाचे निष्कर्ष असे आहेत : या मांडणीत इलेक्ट्रॉन पडद्यावर ठिपक्याने नोंदला जातो, त्या मांडणीत पुष्कळ ठिपके मिळून तरंगांची पट्टेदार नक्षी उमटते, आणि कोणत्या फटीतून गेला हे टिपण्याची सोय केली की नक्षी जाते. प्रत्येक विधानाला मांडणीची अट जोडलेली आहे आणि ती अट कोणीही तपासू शकतो. मोडली ती आपली 'कण' आणि 'तरंग' या शब्दांची जुनी वाटणी. नोंदयंत्र वाजले आणि वाजले नाही, अशी नोंद कोणत्याही प्रयोगशाळेच्या वहीत नाही. तशी नोंद आली तर आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे लोक यंत्र उघडून बघतो, तत्त्वज्ञान बदलत नाही.

मग नियमाचे मोल कशात?

वुकाशेविचने एवढी टीका करून शेवटी काढलेला निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. तर्काच्या दृष्टीने नियमाचे स्थान वाटते तेवढे अढळ नाही, पण व्यवहाराच्या आणि नीतीच्या दृष्टीने त्याला पर्याय नाही, असे तो म्हणतो. चूक आणि असत्य यांच्याविरुद्ध माणसाच्या हातात तेवढे एकच शस्त्र आहे. खुनाचा खोटा आळ आलेला निरपराध माणूस न्यायालयात काय सांगतो? 'त्या वेळी मी तिथे नव्हतो, दुसरीकडे होतो.' साक्षीदारांनी ते सिद्ध केले आणि न्यायाधीश म्हणाले, 'तू तिथे नव्हतास हे खरे, पण होतास हेही खरे', तर त्या माणसाने कोणाकडे पाहायचे?

काल्हेरच्या परिसरात गोदामे पुष्कळ आहेत. समजा, एका गोदामाच्या नोंदवहीत चाळीस खोकी आहेत आणि मोजल्यावर अडतीस भरली. 'वहीप्रमाणे चाळीस, मोजणीप्रमाणे अडतीस, दोन्ही आपापल्या परीने बरोबर' असे मालक म्हणाला तर एक तर चोर सुटतो किंवा हमालावर नाहक आळ येतो. विरोध मान्य केला तरच चौकशी सुरू होते. पण चूक वहीत आहे, मोजणीत आहे की माल खरोखर गेला आहे, हे नियम सांगणार नाही. नियम फक्त घंटा वाजवतो. चोर शोधायला उठावे लागते आपल्यालाच.

गणितात हीच घंटा साधन बनते. वर्गमूळ दोन ही अपरिमेय संख्या आहे हे आपण अप्रत्यक्ष सिद्धतेने शिकवतो : ती परिमेय आहे असे धरू आणि विसंगती येते का पाहू. ही सिद्धता ॲरिस्टॉटललाही माहीत होती. चौरसाचा कर्ण आणि बाजू एका मापात बसतात असे धरले तर विषम संख्या सम संख्यांच्या बरोबरीच्या होतात, असा उल्लेख तो करतो. विसंगती चालते म्हटले तर ही सिद्धता त्याच क्षणी कोलमडते.

वर्गात करून पाहण्यासाठी

'गॅमा'मध्येच ॲरिस्टॉटलने एक छोटा प्रयोग सांगितला आहे. मधले बोट तर्जनीवरून पलीकडे न्यावे, म्हणजे बोटांची कातर होईल. डोळे मिटून दोन्ही बोटांच्या टोकांमध्ये एक वाटाणा हलकेच फिरवावा. वाटाणे दोन असल्यासारखे वाटते. डोळे उघडले की एकच दिसतो. सरळ बोटांच्या बाहेरच्या दोन बाजूंना एकाच वेळी एकच लहान वस्तू लागत नाही, म्हणून बोटे ओलांडलेली असतानाही मेंदू दोन वस्तूंचा हिशेब मांडतो.

मुलांना हा प्रयोग करू द्यावा आणि फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत : 'वाटाणा एक आहे', 'वाटाणे दोन आहेत'. नंतर चार प्रश्न विचारावेत. दोन्ही वाक्ये एकाच वस्तूबद्दल आहेत का? एकाच वेळेबद्दल आहेत का? एकाच बाबतीत आहेत का? आणि तुम्ही जो भेद केलात तो खरा आहे, हे दुसऱ्या कोणत्या मार्गाने तपासाल? बोटे सरळ करून पाहतो, दुसऱ्याला मोजायला सांगतो, वाटाणा एकेका बोटाने चाचपतो, अशी उत्तरे मुलेच देतील.

पहिले तीन प्रश्न ॲरिस्टॉटलचे आहेत. चौथा त्याने विचारला नाही. तो विज्ञानाने पुढे जोडला. पहिल्या तिघांवर थांबणारा विद्यार्थी हुशार वकील होईल, कोणताही विरोध शब्दांनी मिटवून दाखवील. चौथा प्रश्न विचारण्याची सवय लागली तर दोन पृथ्व्यांचे उत्तर देणारे मूलही, कोणी न हसता, एका पृथ्वीवर येऊन पोचेल.